हळदीच्या चुलाणाभोवतीचे दगड

लग्न होऊन मी शिरड शहापुराकडच्या गावी आले, तेव्हा निजामी होती. सासरची माणसं एका मालकाच्या रानात हळद शिजवायचं काम करायची. जमिनीत खणलेल्या चुलाणावर मोठी कढई चढवायची, ओली हळद तीत उकळायची आणि शिजली की टोपल्यांनी उपसून वाळत टाकायची.

पहिल्याच साली माझा धाकटा दीर कढईजवळ घसरला. उकळतं पाणी पोटरीवर सांडलं. कितीतरी दिवस तो पालथा पडून होता. शेजारणी म्हणाल्या, नजर लागली. माझ्या नवऱ्याला ते पटलं नाही. हे जाऊन त्या जागी उकिडवे बसले आणि बघत राहिले. टोपल्यांतून निथळणारं पाणी तिथंच सांडायचं आणि काळ्या मातीचा निसरडा चिखल व्हायचा. पुढच्या साली ह्यांनी ओढ्यातले चपटे दगड आणून कढईभोवती बसवले, पाणी वाहून जायला चर खोदला. त्या साली कुणी घसरलं नाही.

तिसऱ्या साली मालकानं चुलाण नव्या विहिरीजवळ नेलं. दगड जुन्या रानातच राहिले. आजचा दिवस द्या, दगड आणून बसवतो, असं ह्यांनी विनवलं. मालक काही वाईट माणूस नव्हता. त्यानं भरून आलेलं आभाळ दाखवलं.

"तुझं बराबर हाय. पन हळद उघड्यावर पडलीय, अन् पाऊस येऊन राहिला. काय करू, तूच सांग."

ह्यांनी आभाळाकडं बघितलं आणि चुलाणात लाकडं सारली. जाळ पेटला. पाऊस आलाच नाही. दुपारी भरली टोपली घेऊन वळताना ह्यांचा पाय सरकला आणि थेट कढईत गेला.

बैलगाडीनं वसमतच्या दवाखान्यात नेताना हे वाटेत एकदाच बोलले.

"मला ठाऊक व्हतं गं."

मी पदरानं वारा घालत होते. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

पाय वाचला, पण बोटं एकमेकांना चिकटली. फार वेळ उभं राहणं कायमचं सुटलं.

पुढच्या साली मालकानं जाळ करायच्या आधीच दगड आणवले आणि ते कसे बसवायचे हे सांगायला ह्यांच्यासाठी गाडी धाडली. हे गाडीतूनच हातानं दाखवत होते. मी आणि दीर दगड लावत होतो. मालक बाजूला उभा होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण येईना.

"त्यो हालतोय," हे म्हणाले.

मी तो दगड उचलला, खाली माती दाबली आणि परत बसवला.