नागसेनचे अकरा अर्ज

नागसेनला एक खोड होती, तो सगळं दोनदा तपासायचा. बायको नंदिनी म्हणायची, "तुमी तं कडीलेही विचारसान, खरंच लागली का वो बाई?" धरणावरच्या खोलीत पाणीपातळी नोंदणाऱ्या यंत्राशी बसायला असाच माणूस हवा. त्याला मात्र बारा वर्षं कंत्राटावरच ठेवलं.

त्या खोलीतून हिंगणघाटच्या ऑफिसात आकडे यायला एकच जुनी टेलिफोन लाईन होती. शेतातले पंप सुरू झाले की ती खरखरायची, आकड्यांचा कचरा व्हायचा. काही चिन्हं तर तिला मुळीच चालत नसत. ती आली की लाईनच बंद. नागसेननं साहेबांना अर्ज केले. एक नाही, अकरा. 'लाईन भरवशाची नाही.' उत्तर एकाचंही आलं नाही.

मग ऑगस्टात पूर आला. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी नागसेननं यंत्रावरून इशारा पाठवला, दोन मिनिटांत ऑफिसची पोच आली. गावातला भोंगा वाजायचा साहेबांच्या हुकमानं, तो वाजला साडेसहाला. तोवर नदीकाठचे नानाजी बकऱ्यांसकट वाहून गेले होते. साहेब म्हणाले, इशारा आलाच नाही. गाव म्हणालं, नागसेन झोपला असेल.

पोच यंत्रात नोंदलेली होती. पण पुरात अडकलेल्या नागसेनला बोटीनं बाहेर काढल्यावर खोलीकडचा रस्ताच उरला नव्हता, आणि दहा दिवसांनी यंत्र जुन्या नोंदी पुसायचं. तो ऑफिसातल्या जुन्या संगणकासमोर बसला. धरणावरच्या यंत्राकडून त्यानं नोंदींची फाईल साध्या अक्षर-आकड्यांत बदलून घेतली, म्हणजे लाईनला न चालणारं चिन्हच यायला नको. तिचे बारीक तुकडे केले, प्रत्येकामागे त्यातल्या आकड्यांची बेरीज. इकडे आल्यावर बेरीज जुळली तर पुढचा तुकडा, नाही तर तोच पुन्हा. काही तुकडे वीस-वीस वेळा मागवावे लागले. नवव्या दिवशी अख्ख्या फाईलची बेरीज जुळली, तेव्हा तो खुर्चीतच रडला.

चौकशी वर्ध्याला झाली. नागसेननं त्या फाईलचे कागद पुढं ठेवले. साहेबांनी एक फोल्डर पुढं सरकवलं. त्यात ते अकरा अर्ज होते, तारीखवार लावलेले. इतकी वर्षं ज्यांना कुणी हात लावला नाही, त्यांना आता नीट टाचणी लागली होती.

"लाईन भरवशाची नाही, हे तुम्हीच लिहिलंय ना?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हो साहेब. म्हणूनच तर मी बेरजा..."

"मग त्याच लाईनवरून आलेली फाईल आम्ही खरी कशी मानायची?"

नागसेननं पुन्हा पुन्हा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर दोरही संन्याशानंच वळून दिला होता. महिन्याभरात कंत्राट संपवलं.

एके दिवशी नानाजींची बायको भागीरथाबाई येऊन उंबऱ्यात बसली.

"बाबू, तू कवा कळवलं व्हतं?"

"चार वाजून दहा मिनिटांनी, मावशी. दोन मिनिटांत पोच आलती."

तिनं ते, एकेक शब्द जपून, म्हणून पाहिलं. "चार वाजून दहा मिनिटं. मंग पोच आलती. बराबर ऐकलं ना म्या?"

"बराबर, मावशी."

"अन् भोंगा साडेसहाले." ती बोटांवर मोजत राहिली. "दोन घंट्यावर टाईम व्हता त्यायच्यापाशी. बकऱ्या घेऊन आरामात आले असते घरी."

नागसेनला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हे नीट पोचलं नसतं तर बरं झालं असतं.