कांतामावशींची चावी

सकाळी साडेआठला चाकणहून स्कूटीवर चिंचवडच्या दवाखान्यात जायला निघाले. नवरा पहिल्या शिफ्टला. सोबत फक्त एमआरआयची फाइल. गेली तीन वर्षं हा रस्ता मी उपाशीपोटीच केलाय. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर माझ्या आतड्यात खोल रुतलंय. त्याला एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. पाळी आली की पोट पिळवटायचं आणि संडासला पळापळ. या रस्त्यावर मिसळ कुठली चांगली, ते मला विचारू नका. बायकांचा संडास कुठे कुलूपबंद असतो, ते विचारा!

कांदा बाजारापाशी ट्रकांची ही रांग! मोशीच्या अलीकडे पंपावर पेट्रोल भरायला थांबले, तर तिथे झाडलोट करणाऱ्या कांतामावशी लांबूनच संडासाची चावी घेऊन आल्या.

"आज नको, मावशी. सहा महिने गोळ्या चालू आहेत, त्यांनी पाळीच थांबवलीय. ऑपरेशन करायचं का, ते आज कळेल."

"व्हय? मंग येताना सांगून जा पोरी. जीवाला घोर लागंल माज्या."

घोर मलाही होताच. आतड्याचा तुकडा काढावा लागला, तर काही महिने शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागेल, असं डॉक्टरबाई मागे म्हणाल्या होत्या. त्या विचारात इंद्रायणीचा पूल कधी गेला कळलं नाही. भोसरीत वळणही चुकलं आणि कारखान्यांच्या गल्ल्यांत पंधरा मिनिटं फिरले.

चिंचवडला डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडात धरली. "त्या अस्तराची गाठ गेलेली नाही. पण वाढलेलीही नाही, आणि आतड्याची वाट मोकळी आहे. दुखतं?"

"नाही."

"मग आत्ता कापाकापी कशाला? गोळ्या रोज ठरल्या वेळी घ्या. मूल हवं असेल तेव्हा मात्र आधी मला भेटा."

मला चक्क रडू आलं. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

परतताना नदी नीट पाहिली. सगळी जलपर्णी (पाण्यावर माजणारं तण), वर वास. तरी छान वाटली, काय सांगू!

पंपावर मावशींनी पुन्हा चावी पुढे केली.

"राहू दे, मावशी. ऑपरेशन नाही! समोरच्या गाडीवरचा वडा कसा असतो हो?"

"आगं, तीन वर्सं येतीयास अन् वडा खाल्ला न्हाई?"

"कधीच नाही."

दोन वडापाव घेतले, एक त्यांना दिला. वडा कढत होता, मिरचीने डोळ्यांत पाणी आणलं. मावशी हसत होत्या. घर अजून दहा किलोमीटर लांब होतं. मी आणखी एक मागवला.