सुजलेला गाल

माझ्या हातानं आजवर दोन माणसांचे दात पडले. एकाचा बसस्टँडवर, तो माझ्या पायावर तंबाखूचा खर्रा थुंकला म्हणून. दुसऱ्याचा माझ्याच दुकानात, त्यानं माझ्या कामाला नाव ठेवलं म्हणून. नांदगाव खंडेश्वरला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. ट्रॉल्या, वखर, लोखंडी गेटं, जे तुटेल ते मी जोडतो. लोक कामाची तारीफ करायचे आणि चार हात लांब उभे राहायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी बायकोलाही एकदा मारलं. दुकानात डबा घेऊन आली होती. गिऱ्हाइकांसमोर तिनं माझ्या रागाची नक्कल केली, सगळे हसले, तीही हसली. घरी आल्यावर मी तिच्या कानाखाली ओढली. ती ओरडली नाही, पण हातातलं ताट फरशीवर आदळलं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मी आईसमोर शपथ घेतली की पुन्हा हात उचलणार नाही, आणि उचललाही नाही. ताटाचा आवाज मात्र अख्ख्या गल्लीनं ऐकला होता, शपथ कोणी ऐकली नव्हती.

दोन वर्षांनी तिला दिवस गेले. सहावा महिना असेल. एका सकाळी ती नळावरून रिकामी घागर घेऊन परत आली. डावा गाल पेरूएवढा सुजलेला. खालची दाढ किडकी होती, ती आतून पिकली होती.

"पानी कावून नाही आनलं?" मी विचारलं.

"बाया विचारून राहिल्या, काल घरी काय झालं म्हनून. मी म्हटलं, दाढ सुजली. तर म्हनतात, हो व बाई, आमच्याही लय सुजल्या अशा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच दुपारी ट्रॉलीचा तुटलेला दांडा जोडायला आलेला एक म्हातारा शेतकरी, माझ्या बापाच्या ओळखीचा, टपरीवरचा चहा पीत मला म्हणाला, "पोटुशी बाईले मारते का बे कोनी?" माझ्या हातात घण नव्हता, हातोडी होती, हे त्याचं नशीब. मी ती भिरकावली. त्याच्या कानाजवळून गेली आणि ट्रॉलीच्या पत्र्याला खळगा पाडून खाली पडली. म्हातारा चहा टाकून पळाला. त्याची ट्रॉली दोन दिवस माझ्या दारात उभी होती.

हातोडी त्याला लागली नाही. घरी जाऊन मी जे बोललो ते मात्र बरोबर जागी लागलं.

"सूज उतरेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाय ठेवायचा नाही."

"दवाखान्यात तर जाऊ द्या," ती म्हणाली. "ठनका मारते. मले सहन नाही होत."

"असं तोंड घेऊन? साऱ्या बाजारातून? लोकायले आयतंच सापडन."

"लोक म्हनाचं ते म्हनूनच राहिले ना."

"गाल उतरू दे. मंग मी सोता नेतो."

आईनं माझीच री ओढली. पोटुशीचा दात काढत नसतात, असं तिचं ठाम मत. शिवाय पहिलं बाळंतपण माहेरी, दोन महिन्यांनी ती बार्शीटाकळीला जाणारच होती, तिथं तिची माय पाहून घेईल. तिकडे तिच्या मायला वाटत होतं, सासरी सगळं ठीक आहे. फोनवर सुजलेला गाल दिसत नाही.

मी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्या. कोणासाठी, हे दुकानदारानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. गोळी घेतली की सूज थोडी उतरायची. मी म्हणायचो, "पाह्य, उतरली ना?" दोन दिवसांनी पुन्हा तेवढीच. ती दाढेत लवंगतेलाचा बोळा धरून बसायची. कधी म्हणायची, तोंडात खारट, घाण पाणी येतं. तो पू होता. दीड महिना ती तो गिळत होती.

आमच्या वॉर्डाची आशा कार्यकर्ती तपासणीला न्यायला दोनदा आली. दोन्ही वेळा माझ्या सांगण्यावरून आईनं दारातूनच सांगितलं, सून माहेरी गेली. सून दाराच्या मागे पदर तोंडाशी धरून उभी होती. भाकर चावता येत नव्हती, पातळ वरण नुसतं प्यायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ते पाहून मला काळजी वाटायला हवी होती. मला राग आला. "खात कावून नाही?" म्हणून मी वरणाची वाटी भिंतीवर मारली. तिच्या अंगाला बोट लावलं नाही, याचा मला अभिमान होता.

आठवा महिना लागला. डोहाळजेवणाचं विचारायला तिचा मोठा भाऊ बार्शीटाकळीहून मोटरसायकलवर आला. संत्र्यांची पिशवी आणि हिरवं लुगडं घेऊन. हा माणूस मला कायम 'जवाईबुवा, तुमी' म्हणून बोलायचा, मी रागावलो तरी हसायचा. दार तिनंच उघडलं. पदर घ्यायला तिला वेळ मिळाला नाही.

मी अंगणात हात धूत होतो. मागून कमरेत लाथ बसली.

"कावून मारलं बे तिले? सांग! कावून मारलं?"

"मी नाही मारलं."

"थोबाड पाह्य तिचं! कोनं मारलं मंग, तुह्या बापानं?"

त्यानंतर बोलणं झालं नाही. त्यानं माझं डोकं हौदाच्या काठावर आपटलं. मी त्याच्या पोटात गुडघा घातला, खाली पाडलं आणि छातीवर बसून दोन्ही हातांनी हाणलं. त्याचं नाक फुटलं, माझा ओठ फाटला. संत्री अंगणभर घरंगळली आणि आमच्याखाली चिरडली. आई बादलीनं पाणी मारत होती, आम्ही भांडणारी कुत्री असल्यासारखं. आणि बायको आमच्या डोक्याशी उभी राहून ओरडत होती, "दाढ आहे रे दादा! दाढ आहे!" बोटानं गाल ओढून ती तोंड उघडून दाखवत होती. दोघांपैकी एकानंही वर पाहिलं नाही.

मग तिचा आवाज थांबला. ती ओट्याला धरून खाली बसली होती. अंग कापत होतं आणि लुगड्याखालून पाणी वाहत होतं. मी हात लावला तर तव्यासारखी तापलेली. तो ताप आधीच्या दिवसापासून होता. मला सांगून उपयोग नाही म्हणून तिनं सांगितला नव्हता.

अँब्युलन्समध्ये ती मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. दोघांचेही शर्ट रक्तानं भरलेले. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी तिचा गाल पाहिला, मग माझा ओठ पाहिला, आणि मला बाहेर काढलं. मला कळलं, त्याही तेच समजल्या.

मुलगी झाली. चौदाशे ग्रॅमची. मी वजनं हातानं ओळखतो. वेल्डिंगच्या सळयांचं एक पाकीट याहून जड असतं. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकातून नळी घातली. रडण्याइतकाही जोर नव्हता, नुसतं तोंड वाकडं करायची.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. "तुम्ही मारलं नाही, हे मला कळलं," त्या म्हणाल्या. "तोंड तपासलं मी तिचं. आता सांगा, ही दाढ दीड महिना का ठेवली?"

मी म्हणालो, "लोक म्हनतील म्हनून."

"काय म्हणतील?"

"मी मारलं म्हनून."

मग त्यांनी समजावलं. नेमकं यामुळेच झालं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. ती उपाशी होती, तपासण्या चुकल्या, नको त्या गोळ्या पोटात गेल्या. पण शरीरात कुठंही पू साठून सूज राहिली की सगळं अंग लढायला उठतं. ती लढाई दाढेपुरती राहत नाही, रक्तातून बाळाला पोसणाऱ्या वारेपर्यंत जाऊ शकते. वार नीट काम करीनाशी झाली की बाळाला अन्न कमी पडतं, ते वाढत नाही, आणि कधी कधी कळाही वेळेआधी सुरू होतात. सहाव्या महिन्यात दाढेवर सहज इलाज झाला असता. त्यात काही धोका नव्हता.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर मला येतं.

बायकोला जरा बरं वाटल्यावर दाढ काढली. पंधरा मिनिटं लागली. मी बाहेरच्या बाकावर बसून ती पंधरा मिनिटं मोजली आणि तोंडात शर्टाची बाही कोंबून रडलो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला साळा बसला होता, नाकावर पट्टी लावून. तो माझ्याकडे पाहत नव्हता, पण उठूनही गेला नाही.

पोरीचं वजन आधी आणखी उतरलं. रोज सकाळी सिस्टर तिला काट्यावर ठेवायच्या आणि मी काचेला नाक लावून आकडा पाहायचो. एका सकाळी वीस ग्रॅम वाढले. त्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, शर्ट काढा, हिला उघड्या छातीवर धरून बसायचं. माझी छाती ठिणग्यांनी डागलेली. त्यावर त्यांनी तिला बेडकासारखं उपडं ठेवलं. माझ्या मुठीहून जरा मोठं डोकं. हात कुठं ठेवू तेच कळेना. या हातांना इतकं हळू काही धरायची सवयच नव्हती. मी दमलो की साळा शर्ट काढून बसायचा. त्याच्या बरगडीवर माझ्या गुडघ्याचा निळा डाग होता, त्याच्या शेजारी ती झोपायची.

महिन्यानं घरी आणली. ती जगली. पण वाढ म्हणाल तर अंगणवाडीतल्या तक्त्यावर तिची रेघ कायम खालच्या रंगातच सरपटली. बसली उशिरा, चालली उशिरा. आता पाच वर्षांची आहे आणि तीन वर्षांच्या पोरीचा फ्रॉक तिला होतो. डॉक्टर म्हणतात, भरून निघेल हळूहळू. मी दरवेळी विचारतो, आणि ते दरवेळी तेच सांगतात.

या श्रावणात तिची दुधाची दाढ सुजली. सकाळी उठली तर गाल फुगलेला, डावाच. मी दुकानाला कुलूप लावलं. अमरावतीला न्यायला निघालो तेव्हा बायकोनं तिच्या तोंडाला रुमाल बांधला, धुळीचा बांधतात तसा. धूळ नव्हती, चिखल होता. मी तो सोडला आणि खिशात टाकला. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

घरापासून बसस्टँडपर्यंत सगळा बाजार लागतो. आम्ही मधून चाललो. पोरीचा हात माझ्या हातात. टपरीवर तोच म्हातारा बसला होता, ज्याच्या ट्रॉलीवर खळगा अजून आहे. त्यानं पोरीचा गाल पाहिला, कप खाली ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आता पोट्टीलेही का बे?"

माझी मूठ आवळली. सवयच ती.

"बाबा, हात दुखते ना माह्या," पोरगी म्हणाली.

तिची बोटं माझ्या मुठीत होती. मी मूठ उघडली. बोटं लाल झाली होती.

"काका," मी म्हणालो, "हिले नाही मारलं. दाढ सुजली, दवाखान्यात चाललो. हिच्या मायले मारलं होतं एक डाव. ते खरं आहे."

म्हाताऱ्यानं खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. बायको पदर सावरत रस्त्याकडे पाहत होती. बसस्टँडवर गाडी लागली होती, आम्ही चढलो. पोरगी खिडकीशी बसली, सुजलेला गाल बाहेरच्या बाजूला, आणि गाडी बाजारातून हळूहळू निघाली.