न बोललेला नवस

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगते आहे? ते मलाही नीटसं माहीत नाही. तुम्ही कमलताईला ओळखत नव्हतात, एवढं एक बरं आहे.

मी आता बदलापूरला असते. लग्नाआधी आम्ही विठ्ठलवाडीला राहायचो आणि मी जवळच्याच कॅम्प पाच नावाच्या वस्तीत एका शेठच्या कारखान्यात कामाला जायचे. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. कारखाना म्हणजे काय — एका घराचा वरचा मजला. पुढच्या खोलीत शिलाई मशिनी, मागच्या खोलीत आम्ही बायका. जीनच्या पँटी शिवून आल्या की लोंबते धागे कापायचे, घडी घालायची, गठ्ठा बांधायचा. खाली गोणपाट टाकून बसायचं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. माझ्या शेजारी कमलताई. ती मुरबाडकडची, माझ्याहून बरीच मोठी, दोन मुलांची आई. कापड न दुखवता धागा कसा कापायचा ते तिनंच मला शिकवलं. दुपारी आमचे डबे मधोमध ठेवलेले असायचे, ज्याला जे हवं ते घ्या, आणि पाण्याच्या माठावर सगळ्यांत मिळून एकच पेला.

त्या खोलीला खिडकी एकच होती, नाल्याच्या बाजूची. तिच्याबद्दल सांगायचं आहे, पण थोडं थांबून सांगते.

मला खोकला लागला. तिथे तो सगळ्यांनाच असायचा — जीनचं निळं तूस नाकातोंडात जायचं, नाक शिंकरलं तरी रुमालावर निळं. त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. मग अंगात बारीक ताप राहायला लागला, तेव्हा आई मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. टीबी निघाला.

आई औषधाच्या रांगेत उभी होती, तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं समजावलं. घाईत होते, तरी नीट समजावलं. गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत, पुरी बरी होशील. पहिले काही आठवडे कामावर जायचं नाही. हा रोग खोकल्यातून, हवेतून पसरतो, म्हणून तोंडावर रुमाल धर, खिडक्या उघड्या ठेव. आणि जिथे काम करतेस तिथल्या बायकांना तपासायला घेऊन ये, एका खोलीत बसणाऱ्यांना आधी लागण होते. एवढं सांगून मग त्यांनी विचारलं, "कामाला कुठे जातेस?"

मी म्हटलं, "नाही, घरीच असते."

म्हणजे बघा, मला समजलं नव्हतं असं म्हणायला जागा नाही. सगळं समजल्यावर खोटं बोलले. बदलापूरचं स्थळ सांगून आलं होतं, बोलणी चालू होती. आईनं घरी येताना बजावलं, की हा शब्द तोंडातून बाहेर पडता कामा नये. पण आईला मी पुढे करणार नाही. डॉक्टरांसमोर ती नव्हती, मी होते.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. घरी बसले असते तर बायका विचारपूस करायला आल्या असत्या.

पण डबे आणि पेला? उष्ट्याची भीती मला फार वाटायची. डॉक्टरांनी हवेचं सांगितलं होतं, माझ्या डोक्यात मात्र उष्टंच बसलं होतं. लहानपणापासून तेच ऐकलेलं ना — याचं उष्टं खाऊ नको, त्याला उष्टं देऊ नको. म्हणून मी एक युक्ती केली. बायकांना सांगितलं, देवीला नवस बोललेय, लग्न होईपर्यंत कुणाच्या डब्यातलं खाणार नाही, माझ्यातलं कुणाला देणार नाही, पाण्याचा पेलाही माझा वेगळा. असला कसलाही नवस मी बोललेले नव्हते. बायकांना मोठं कौतुक वाटलं. कमलताई तर माझा पेला स्वतः उचलून वेगळ्या फळीवर ठेवायची, कुणाचा हात लागू नये म्हणून.

आता खिडकी. नाल्याचा वास आत आला की मला खोकल्याची उबळ यायची, आणि खोकला कुणाच्या लक्षात यायला नको होता. म्हणून सकाळी आल्या आल्या मी ती खिडकी लावून घ्यायचे. इतर बायकांनाही वासाचा त्रास होताच, कुणी अडवलं नाही. मी तोंडावर रुमालही धरत नव्हते, कारण रुमाल दिसतो. दिवसभर त्या बंद खोलीत कमलताईच्या खांद्याला खांदा लावून बसायचे, आणि पेला वेगळा आहे म्हणून मनात स्वस्थ असायचे.

स्वस्थ? तसंच म्हणावं लागेल. मला फार काही वाटत नव्हतं.

गोळ्या लागू पडल्या, ताप गेला. लग्न ठरलं. नवस पावला म्हणून सगळ्यांनी पेढे मागितले, मी वाटले.

मग कमलताई खोकायला लागली. माझ्या लगेच लक्षात आलं. मी काय केलं — तूस गेलं असेल म्हटलं, आल्याचा रस घे म्हटलं. ती घेत राहिली. सुकत गेली. एक दिवस पँटची घडी घालता घालता खोकली आणि पदराला रक्त लागलं.

शेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला हिशेब चुकता करून घरी पाठवलं, "कमल, आराम करो, ठीक होके आना." खोली फिनेलनं धुऊन घेतली. प्रत्येकीला वेगळा पेला आणून दिला, डबे वेगळे खायला सांगितले, आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इसको देखो, पहले से ही अलग खाती है. सब ऐसे ही करो." बायकांनी माना डोलावल्या. खिडकी बंदच होती.

कमलताई नंतर एकदा आली, तिची कात्री राहिली होती ती न्यायला. आत आली नाही. तोंडाला पदर लावून जिन्यातच उभी राहिली, मी कात्री नेऊन दिली.

ती म्हणाली, "तुझ्या नवसानं तुला राखलं गं बाय. एवढी माझ्या जवळ बसायचीस, पन काय झालं नाय तुला."

कात्री तिनं पिशवीत टाकली.

"देवी तुझं ऐकते. माझ्यासाठी पन बोल ना एक नवस. पोरं ल्हान हायत."

तेव्हा सांगायला एक वाक्य पुरलं असतं — कमलताई, मलाही हेच झालं होतं, मी बरी झाले, त्या दवाखान्यात जा आणि गोळ्या सोडू नकोस. लग्न ठरलेलं होतं, मोडलं असतं कदाचित. मी म्हटलं, "बोलते." ती पदराआडून हसली आणि कठड्याला धरून खाली उतरली.

गोळ्या तिनं सुरू केल्या होत्या, थोडं बरं वाटल्यावर सोडल्या आणि मुलांना घेऊन माहेरी गेली, हे मला माझ्या लग्नानंतर कळलं. बदलापूरच्या बाजारात आमच्या कारखान्यातलीच एक भेटली होती, तिनं सांगितलं. कमलताई त्याच आजारात गेली, हेही तिनंच सांगितलं. मी मेथीची जुडी निवडून घेत होते. अरेरे म्हटलं, आणि भाजीवाल्याला दुसरी जुडी दाखवायला सांगितली.

आणि तिनं मागितलेला तो नवस — तो मी बोललेच नाही. लाज वाटली म्हणून नाही, भीती वाटली म्हणून नाही. लग्नाच्या गडबडीत विसरून गेले.