मुलीच्या हॅमस्टरची खाज

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिचा हॅमस्टर माझ्या गळ्यात पडला. दोन वर्षांचा, तांबूस रंगाचा, मुठीत मावेल एवढा. नवऱ्याची बदली लखनौला झालेली, त्यामुळे उत्तरेतल्या या शहरात, नदीवरच्या मुन्शी घाटामागच्या आमच्या घरात मी आणि सासरे असे दोघंच. मामंजींनी जन्मभर पौरोहित्य केलेलं. पिंजऱ्याला ते उंदराची कोठी म्हणत, पण काकडीचा तुकडा न चुकता टाकत.

हा प्राणी दिवसभर झोपतो. एका रविवारी मात्र भर दुपारी तो मागच्या पायानं सारखा अंग खाजवताना दिसला. हातात घेतला तर शेपटीच्या वर रुपयाएवढी जागा उघडी पडली होती आणि कातडीवर कोंड्यासारखे पापुद्रे होते. केस बदलत असतील, असं मी मनाला समजावलं. चार दिवसांत ती जागा दुप्पट झाली.

मी शिकवते त्या शाळेत फळ्यावर गणित मांडताना मी मधलीच पायरी गाळली. मुलं हसली. संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"आई, तो काय करतोय?"

"झोपलाय," मी म्हटलं. तो तेव्हा पिंजऱ्याच्या गजांवर पाठ घासत होता.

दुसऱ्या दिवशी पाळीव प्राण्यांच्या दुकानातून मी गोचिडांची पावडर आणली. दुकानदार म्हणाला होता, "सबको यही देते हैं." डबा उघडला, तेवढ्यात मामंजींनी तो हातातून घेतला. पोथी वाचायचं भिंग लावून बारीक अक्षरं वाचली.

"हे कुत्र्यांसाठी आहे. पिल्लांनासुद्धा लावू नका म्हणून लिहिलंय. हा तर पिल्लाच्या कानाएवढाही नाही."

मी मटकन खाली बसले.

"बसून काय होणार? डॉक्टर शोध," ते म्हणाले.

कुत्र्या-मांजरांचे दोन डॉक्टर नाही म्हणाले. लंका नावाच्या मोहल्ल्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. बुटाच्या खोक्याला भोकं पाडून, आत फडकं घालून मी ई-रिक्षात बसले. गर्दीत रिक्षा अडली की झाकण उचलून बघायची.

बाईंनी पात्याच्या कडेनं त्याची कातडी अलगद खरवडली, काचेवर घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. लांबट, पारदर्शक किडे होते.

"माइट्स. थोडे तर अंगावर असतातच," त्या हिंदीत म्हणाल्या. "वय झालं, ताकद कमी झाली की वाढतात."

"माझ्याकडून काही चुकलं का?"

"पावडर लावली असती तर चुकलं असतं. पाण्यानं आंघोळही घालू नका, गारठेल."

त्याचं वजन करून त्यांनी औषधाचे मोजके थेंब मानेवर सोडले. मात्रा वजनावर ठरते, म्हणून घरी द्यायला औषध दिलं नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा आणायला सांगितलं. घरी येऊन मी लाकडाचा भुसा फेकला, पिंजरा आणि चाक गरम पाण्यानं धुऊन उन्हात वाळवलं, आत साधे टिश्यू फाडून घातले. मामंजी न सांगता टिश्यू फाडायला बसले.

मुलीला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं.

"तू मला खोटं का सांगितलंस? मी लहान आहे का?"

"मीच घाबरले होते गं."

दुसऱ्या खेपेला काचेवर किडे कमी होते, तिसऱ्या खेपेला एकही नव्हता. होळीला मुलगी आली तोवर उघड्या जागेवर मऊ लव आली होती. पहिल्यासारखे दाट केस काही आले नाहीत. येणारही नाहीत, बाईंनी सांगितलंच होतं. मुलगी त्याला मांडीवर घेऊन बसून राहिली. पुण्याला परतताना तिनं पुन्हा त्याला माझ्याकडेच ठेवलं.

आता शाळेतून आले की चपला काढायच्या आधी मी पिंजऱ्यापाशी जाते आणि त्याच्या पाठीवरचे केस फुंकर मारून बाजूला करते. मामंजी म्हणतात, "त्याला झोपू दे जरा." मला राहवत नाही.