भोंगा पाळण्याकडे

माझ्या मुलीच्या बारशाला वडीगोद्रीच्या घरी मी माईक लावला, तो केवळ थोरल्या बहिणीसाठी. मुलीला आत्या ती एकच. घशाच्या ऑपरेशननंतर अक्काचा आवाज इतका बारीक झाला होता की शेजारी बसलेल्यालाही कान द्यावा लागे. "पाळणा दुसरीला म्हणू दे," असं तिनं आधीच कळवलं होतं. मी ऐकलं नाही.

माईकवाल्यानं भोंगा रस्त्याकडे तोंड करून बांधला. आमच्या चुलत्यांना ते पटेना. "रस्त्याला कशाला? पोरीला ऐकू गेलं पायजे की!" त्यांनी भोंगा सरळ पाळण्याकडे फिरवला. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही.

अक्का गाऊ लागली. काहीच ऐकू येईना, म्हणून माईकवाल्यानं आवाज चढवला आणि भोंगा किंचाळला. पोरगी दचकून रडू लागली.

"बघा, आत्याचा गेलेला आवाज पोरीला आला!" मागून एक मावशी म्हणाली. अक्कासुद्धा हसली.

कारण मला कळत होतं. भोंग्यातला आवाज माईकमध्ये शिरे, मोठा होऊन बाहेर पडे आणि पुन्हा शिरे. कमी केला की अक्का ऐकू येईना, वाढवला की किंकाळी. भोंगा परत फिरवू म्हटलं तर चुलते रुसले. "म्हंजी पोरीनं ऐकूच न्हाई?" शेवटी मी मोजायची टेप आणून माईक वीत वीत मागे घेत गेलो. एका जागी साधलं. तेवढ्यात एक काकू पान लावायला उठल्या आणि नव्याच सुरात शिट्टी सुरू झाली.

"काकू, हलू नका!"

"मी काय केलं रे? पानालाच तर हात लावला!"

त्या बसल्या, तर तिसराच सूर. एवढ्याशा हालचालीनं एवढा फरक का पडावा, याचा हिशोब काही लागेना.

अक्कानं पाळण्याची दोरी शेजारच्या बाईच्या हातात दिली. "ऱ्हाऊ दे बाबा. तुझा भोंगा मला गाऊ देऊन न्हाई राह्यला."

"आधी ते बंद करा," माझी बायको मला म्हणाली. मी बंद केलं. मग ती अक्काला म्हणाली, "वन्सं, दोरी घ्या. तुम्ही म्हणा, आम्ही मागून म्हणतो."

अक्काची ओळ पुढच्या बायकांनी उचलली, त्यांच्याकडून मधल्यांनी, मधल्यांकडून मागच्यांनी. पुढे दुसरी ओळ सुरू व्हायची तेव्हा मागे पहिलीच चाललेली असायची. ओळी एकमेकींवर चढत होत्या, पण पोरगी झोपली.

शेवटचं कडवं संपलं तरी अक्का दोरी ओढतच होती. तिनं मान उंच करून बायकोला काहीतरी विचारलं. बायकोनं ते मोठ्यानं सांगितलं, "मागं पोचलं का, म्हणतात!"

"पोचलं, आत्याबाई!" मागून आवाज आला. "आता घुगऱ्या येऊ द्या!"

तेव्हा कुठे तिनं दोरी सोडली.