चौकोनी पुरीसाठी चोपड्याला

लोक मे महिन्यात महाबळेश्वरला जातात. मी चोपड्याला निघाले, तेही मांडीवर शेंगदाणा तेलाचा डबा घेऊन. धुळ्यात आमच्या देवपुरातल्या शेजारणीने विचारलं, "काय विशेष?" मी म्हटलं, "तळायला जातेय." एवढ्या उन्हात धुळ्याहून चोपड्याला जाणाऱ्या बाईला वेगळं तेल कशाला लागतं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, पण शेजारधर्म म्हणून तिने डबा उचलायला हात लावला.

कारण सांगते. चोपड्याच्या अलीकडे एका केळीच्या गावात माझी थोरली बहीण राहते. तिला सगळे अक्का म्हणतात, मीही. आमचे भाऊजी गेल्याच्या गेल्या वर्षी वारले. आमच्याकडे घरातला कर्ता माणूस गेला की वर्षभर कढई चढत नाही, म्हणजे घरात तळण होत नाही. वर्ष सरलं की बाईच्या माहेरच्यांनी तेल घेऊन यायचं, आपल्या हाताने कढई चढवायची आणि घर पुन्हा सणावाराला लागायचं. आम्हाला सख्खा भाऊ नाही. चुलतभाऊ मोठ्या रुबाबात गेला आणि पोटभर जेवून, तेलाच्या डब्यासकट परत आला. अक्काने कढई चढू दिली नव्हती. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. तिच्या घरी गोडाधोडाचा वास नाही. आता आखाजी (अक्षय्यतृतीया) तोंडावर आली होती आणि अक्काची लेक स्वाती अमेरिकेहून आली होती. तिने फोनवर सांगितलं, "मावशी, आई नुसती भाकरी-ठेचा खाऊन जगतेय. तू ये. मी सोपापिया करणार आहे."

सोपापिया म्हणजे अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी भागातली पारंपरिक, टम्म फुगणारी, तळलेली पोळी. पोरगी सात समुद्र ओलांडून पुरी शिकून आली. आम्हाला वाटलं होतं कॉम्प्युटर शिकायला गेली आहे.

बसमध्ये कंडक्टरने डब्याकडे संशयाने पाहिलं. "मावशी, धरून बसा. तेल सांडलं तर उभे असलेले सगळे आडवे होतील." अमळनेरपर्यंत मी त्या डब्याला लेकरासारखं कवटाळून होते. खिडकीतून येणारा वारा असा होता की चहा विकत घेऊन तो गार करायला वारं घालावं, तर चहा आणखी तापेल.

अमळनेरला गाडी बदलायची होती. स्वातीने बेकिंग पावडर आणायला सांगितली होती. दुकानदार म्हणाला, "खायचा सोडा न्या. भज्याला चालतो, ढोकळ्याला चालतो, पोट बिघडलं तर पोटालाही चालतो. अमेरिकेलाच का चालू नये?" मी पावडरच मागत राहिले. शेवटी त्याने फळीवरच्या धुळीतून एक डबी शोधून काढली आणि ती अशा नजरेने दिली, जणू मी त्याचा अपमानच केला आहे.

पुढे पुलावरून तापी ओलांडली. खरं तर पूल पाहिला आणि तापी शोधली. पलीकडे केळीच्या बागा सुरू झाल्या आणि डोळ्यांना जरा बरं वाटलं. पानं वाऱ्याने फाटून चिंध्या झालेली, पण हिरवी. लांबवर उन्हाच्या धुरकटात सातपुडा.

अक्का ओट्यावरच बसली होती. डबा पाहिला आणि "ये" म्हणायच्या आधी तिच्या अहिराणीत बोलली, "तेल कसाले लई उनी व? देख, मी आतेच सांगस, मना घरमा कढई चढनार नही." (तेल कशाला घेऊन आलीस?)

"बरं," मी म्हटलं, "पाणी तरी देशील की तेही वर्ज्य आहे?"

पाणी दिलं. जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवभाजी. मी विचारलं, "शेव तळलेली नसते का गं?"

"ती बजारनी शे," अक्का शांतपणे म्हणाली. "दुसरानी कढईमातली."

धर्मशास्त्र इतकं सोयीचं असतं हे आधी कळलं असतं, तर मी डबा उचलून आणलाच नसता.

जेवणानंतर स्वातीने तोच धागा पकडला. वकील व्हायला हवी होती ही मुलगी. म्हणाली, "आई, तळण म्हणजे पुरी, वडे, भजी. ही सोपापिया आहे. ही आपल्यात कोणी कधी तळलीच नाही, मग ती बंद कशी असेल?" वाद ओट्यावर गेला. समोरचे दामू आबा खाटेवर पडून सगळं ऐकतच होते. त्यांनी उठून बसत चौकशी केली.

"पुरी शे का ती?"

"नाही आबा, सोपापिया."

"गोल शे?"

"चौकोनी."

आबांनी विचार केला. "मंग तिले कसानं दुखवटं? आपला शास्त्रमा तिनं नावच नही शे. तळा." आणि पुन्हा आडवे होताना म्हणाले, "व्हयनी की माले धाडा." (झाली की मला पाठवा.)

निकाल लागला. अक्काने तोंड फिरवलं. "करा तुमनं तुम्ही. मी सयपाकघरमा पाय ठेवाव नही." (तुमचं तुम्ही करा, मी पाय ठेवणार नाही.)

स्वातीने मैदा मोजून घेतला, त्यात बेकिंग पावडर, मीठ घातलं, तूप चोळलं, कोमट पाण्याने भिजवून ओल्या फडक्याखाली ठेवलं. मग लाटून सुरीने चौकोन कापले. तिकडे अमेरिकेत याचा कोपरा फोडून आत मध सोडतात म्हणाली. मध तिने चोपड्याच्या बाजारातून सातपुड्यातला आणून ठेवला होता. मी चुलतभावाला मनातल्या मनात वाकुल्या दाखवून कढई चढवली. तेल ओतलं. बाहेरच्या उन्हात आणि आतल्या आचेत आता फारसा फरक उरला नव्हता.

पहिला चौकोन तेलात गेला आणि तळाशी जाऊन बसला. वर आला तो खारीच्या तुकड्यासारखा चपटा, कडक. दुसराही तसाच. तिसरा कोपऱ्यात जरासा सुजला, तेवढ्यावर स्वातीने टाळ्या वाजवल्या. तेल अंगावर उडेल या भीतीने तिने आच अशी ठेवली होती की त्यात पापडसुद्धा निवांत झोपला असता.

ओट्यावरून आवाज आला, "तेल तापनं नही. माले आठलोंग आयकू ई ऱ्हायनं." (मला इथवर ऐकू येतंय.)

चौथाही चपटा निघाला.

आता अक्का उंबऱ्याशी उभी होती. "जाड लाटेल शे." पाचव्याला तिने कपाळावर हात मारला. सहाव्याला ती आत आली, लेकीला कोपराने बाजूला सारलं, आच मोठी केली आणि चौकोन सोडून झाऱ्याने त्याच्यावर तेल उडवू लागली. चौकोन थरथरला, एका बाजूने उचलला गेला आणि बघता बघता उशीसारखा टम्म झाला.

"फुगली!" स्वाती ओरडली.

अक्काने झारा वर काढला. तेल निथळलं तरी ती तशीच उभी. ताट समोर होतं, तरी ठेवेना. मग आमच्याकडे न बघता म्हणाली, "हाई कोनले वाढू?" (ही कुणाला वाढू?)

मला वाटलं दामू आबांचं म्हणतेय. पण तिचे डोळे भरले होते.

"फुगेल पुरी तेसनी," ती म्हणाली. "बसेल मनी. तठे बसीसन हाका मारेत, फुगेल दे व, फुगेल दे. मी निवडी निवडी वाढू. आते फुगनी ते कोनले देऊ? म्हनीसन कढई नही चढाई मी." (फुगलेली त्यांची, बसलेली माझी. तिथे पाटावर बसून हाका मारायचे, मी निवडून निवडून वाढायची. आता फुगली तर कुणाला देऊ? म्हणून कढई चढवली नाही.)

मला खरं तर राग आला. भाऊजींचा आला, त्यांच्या पाटाचा आला, त्या आयुष्यभराच्या चपट्या पुऱ्यांचा आला. मी काहीतरी टोचून बोलणारच होते. पण अक्काच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हतीच. तिला तो निवडून वाढायचा आनंद आठवत होता, आणि तो तिचा एकटीचा होता. मला माझ्या बहिणीची फार माया आली.

स्वातीने तिच्या हातातला झारा घेतला, ती सोपापिया ताटलीत ठेवली, कोपरा फोडला, आत मध सोडला आणि ताटली आईपुढे धरली. "तुला."

"माले?"

"तुलाच. घरात आता तूच आहेस ना?"

अक्का खाली बसली. मग एक घास तोडला, वाफेने बोट भाजलं, मध मनगटावर ओघळला. चावता चावता रडली. स्वाती रडली, मीही रडले. धूर नव्हता, त्यामुळे सबबही नव्हती. घास गिळून अक्का म्हणाली, "मीठ कमी शे."

मग तिने पदर खोचला आणि उरलेले सगळे चौकोन स्वतः तळले. त्यानंतर कणीक मळून पुऱ्याही केल्या, गोल. त्यांचा दुखवटा कधी संपला हे मी विचारलं नाही. दामू आबांना ताटली गेली; त्यांनी निरोप पाठवला की अमेरिकेची पुरी बरी आहे, फक्त पुरीसारखी लागते.

दुसऱ्या दिवशी रिकामा डबा तिथेच ठेवून मी परत निघाले. अक्का फाट्यापर्यंत आली. आखाजीच्या सांजोऱ्यांना रवा किती आणावा, याचं बोलत होती, आणि बस सुटली तरी तिचं संपलं नव्हतं.

देवपुरात पोचले तेव्हा आमचे हे वाट बघत होते. माझी नसेल, जेवणाची असेल. "बहिणीकडे तळण झालं, आम्हाला काय?" म्हणाले. मी हातपाय धुऊन कढई ठेवली. पहिली पुरी टम्म फुगली. ती ताटाकडे नेता नेता हात थांबला. एवढ्या वर्षांत माझा हात कुणालाही न विचारता कुठे जातो, ते मी पहिल्यांदा बघितलं. ती पुरी मी माझ्या ताटात ठेवली आणि दुसरी, बसलेली, त्यांना वाढली.

त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली. "अगं, ही फुगली नाही."

"नाही ना," मी म्हटलं. "चवीला तशीच असते. मी खात आलेय."